मौजा चांदणखेड्याचे गावंडेबाबू

एकदा आमच्या तहसीलदार साहेबांनी जलपऱ्यांच्या हद्दीच्या आदेशावर सही केली. न वाचता केली, हे वेगळं सांगायला नको. समोर फायलींचा ढीग असलेला माणूस मधला एक कागद कशाला वाचेल. त्यात लिहिलं होतं: "मौजा चांदणखेडा येथील तळ्यात राहणाऱ्या पऱ्यांची हद्द ओल्या मातीपर्यंत राहील. माती वाळल्यास हद्द आपोआप मागे सरकेल. कोरड्या मातीवर पाय ठेवणाऱ्या परीचा आवाज सूर्यास्तापर्यंत तळ्यात जमा राहील." खाली सही, बाजूला गोल शिक्का. मग जावक क्रमांक पडला आणि कागद एका तलाठ्याकडे गेला. चार दिवसांनी त्याचा अहवाल आला: "सदर मौजा या साझ्यात समाविष्ट नाही. प्रकरण योग्य त्या साझ्याकडे वर्ग करावे, ही विनंती." पऱ्यांबद्दल त्यानं चकार शब्द काढला नव्हता.

हे कोणतं तहसील ते विचारू नका. वर्धा जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. माझी नोकरी अजून बरीच बाकी आहे.

तेव्हा मी रोहण्याहून येऊन नवीनच नोकरीला लागले होते आणि जावकचं टेबल माझ्याकडे होतं. म्हणजे पऱ्यांचा कागद पाठवला तो मीच. परत आलेला आदेश आणि तलाठ्याचा अहवाल घेऊन मी घाबरत घाबरत अव्वल कारकुनांच्या टेबलाशी गेले. अव्वल कारकून म्हणजे गावंडेबाबू. त्यांनी ओळीखाली बोट ठेवून आदेश वाचला, त्यांचे कान लाल झाले, मग घडी करून तो खिशात घातला आणि म्हणाले, "हा माहा घरचा कागद आहे. फायलीत कसा मिसळला कोण जाणे." मला हायसं वाटलं. पण पाच मिनिटांनी ते स्वतःच माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"बाई, जावक करताना तुमी हा वाचला नाई?"

"नाही."

"वाचत जा. साहेब वाचत नाई, तलाठी अर्धं वाचते. आपणही नाई वाचलं, त मंग लोकायनं कोणाच्या भरवशावर राहावं?"

चोर तो चोर, वर शिरजोर. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी एक अर्ज तसाच पुढे ढकलणार होते, उगाच वाचून पाहिला, तर खाली अर्जदाराची सहीच नव्हती. मग बोलावंच लागलं.

दिसायला गावंडेबाबू म्हणजे लांबच लांब, हाडकुळे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक निळं पेन, एक लाल, आणि चष्म्याला दोरी. काही बोलायचं असलं की आधी हातातल्या पेनाला टोपण लावायचे. टोपण उघडं असताना त्यांनी कोणाला उत्तर दिल्याचं मी पाहिलं नाही. आमच्या शिपाई शेवंताबाई म्हणायच्या, "बाबूचं टोपण लागलं, आता ऐका." कोणी गावाकडचं माणूस समोर उभं राहिलं तर स्टूल ओढून त्याला बसवायचे आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी वाच, मंग रड." हे ते कोणालाही म्हणत. एकदा एक आजोबा ऑफिसचं पत्र हातात धरून हमसून हमसून रडत आले. चष्मा फुटलेला, म्हणून स्वतःला वाचता येईना, आणि कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की तुमचं वावर सरकारजमा झालं. बाबूंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि पत्र मोठ्यानं वाचलं. आधार कार्डाची झेरॉक्स जोडायची राहिली होती, बस. आजोबा पुन्हा रडायला लागले, आता आनंदानं. बाबू खेकसले, "आता काऊन रडून राह्यले? आता त वाचून झालं ना?" मग स्वतःच बाहेर जाऊन झेरॉक्स काढून आणली.

जेवणाच्या सुटीत आम्ही चौघं रेकॉर्ड रूमच्या बाहेर बसायचो. बाबू, शेवंताबाई, जीपचा ड्रायव्हर पुंडलिक आणि मी. डबे उघडले की पुंडलिक म्हणायचा, "हं बाबू, काय म्हणते चांदणखेडा?" सगळ्यांना माहीत होतं, मीच तेवढी नवी. वीस-बावीस वर्षांपासून हा माणूस एका परीमुलखाचे कायदे लिहीत होता. सुरुवात मुलीसाठी झाली. तिला रोज गोष्ट लागायची, आणि यांना गोष्ट सांगता येईना. यांना येत होतं ते कलम, पोटकलम आणि अपवाद. म्हणून गोष्टीऐवजी कायदा सांगायला लागले, आणि मुलगी विचारायची, "मंग परीनं हे कलम मोडलं त?" त्या प्रश्नातून गोष्ट निघायची. मौजा चांदणखेडा, तालुका आभाळ. जिल्ह्यापुढे नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं, "प्रकरण विचाराधीन."

कायदे मात्र एकेक असे होते की भाकरीचा घास हातातच राहायचा. परीला खोटं बोलता येत नाही, पण गप्प राहायची मुभा आहे. हळदीचा हात लागला तर परीचे पंख महिनाभर जड राहतात, म्हणून लग्नघरावरून जाताना उंच उडावं. ज्या परीनं पाऊस पाडला, तिची त्या दिवशी तहान भागत नाही. ज्या परीनं कोणाचं दुखणं काढून घेतलं, तिला ते एक दिवस स्वतः भोगावं लागतं. एका दिवसाच्या वर नाही, कारण "परी असली तरी तिलाही घर आहे." बुटक्यानं परीची वाट अडवली तर त्याची सावली जप्त. सावली परत पाहिजे तर लागोपाठ तीन खरी वाक्यं बोलायची. बुटक्यांना तेवढं जमत नाही, म्हणून चांदणखेड्यात बिनसावलीचे बुटके फार.

मी एकदा बोलून गेले, "पण बाबू, परी आहे ना ती? कांडी फिरवली की झालं. एवढे नियम कशाला?"

बाबूंनी जेवता जेवता पेन काढलं, टोपण लागलेलंच होतं, तरी दाबून पाहिलं.

"वाट्टेल ते करते तो गुंडा असते, परी नसते," ते म्हणाले. "जिच्या हातात जादू हाय तिलेच त नियम पाहिजे. ज्याच्या हातात काईच नाई, त्याले कायचा नियम?"

शेवंताबाईंनी मान डोलावली. पुंडलिक म्हणाला, हे साहेबांच्या दारावर लिहून लावा. मी गपचूप ठेचा खाल्ला.

माझं मराठी टायपिंग चांगलं आहे, हे त्यांना कळलं आणि झालं. चार जाडजूड रजिस्टरं, लाल फितीत बांधलेली, कागद पिवळा पडलेला. "टाइप करून द्या बाई. दर शनिवारी सुटीच असते. घरी या, आमची बायको पातोडीची भाजी करते." मी नाही म्हणणार होते. पण खोलीवर स्वतःच्या हातचं खाऊन जीव विटला होता, म्हणून गेले.

पुढच्या खोलीत टीपॉयवर लॅपटॉप, समोर बाबू रजिस्टर घेऊन, आणि स्वयंपाकघरात काकू. आतल्या खोलीचं दार लोटलेलं असायचं. तिथं कोणीतरी आहे एवढं कळायचं, पंखा चालू असायचा. मी विचारलं नाही. दुसऱ्या शनिवारी बाबू सांगत होते, "तळ्यातील परीस दूध, मध व पाणी यांचा नैवेद्य चालेल."

लोटलेल्या दाराआडून आवाज आला, "मध नाई चालत. तिचे पंख चिकटते. मी चौथीत होती तवा बदललं होतं."

बाबूंनी रजिस्टर मिटलं. काकू हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. बाबूंनी रजिस्टर पुन्हा उघडलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि म्हणाले, "बरोबर आहे. मध खोडा."

त्या दिवशी जेवायला वाढताना काकूंनी हळूच सांगितलं. आत होती ती त्यांची स्वाती. एकुलती एक, माझ्याच वयाची, डी. फार्म. झालेली. अमरावतीकडे दिली होती. चार वर्षांनी संक्रांतीच्या सुमारास एकटीच एस.टी.तून उतरली, एक बॅग घेऊन. काय झालं ते सांगत नव्हती. "जेवते, झोपते, बसून राह्यते. माह्याशी दोन शब्द बोलते," काकू म्हणाल्या. "बापाशी एक नाई. आज तीन महिन्यांत पहिल्यांदा बोलली, तेही पऱ्यायच्या मधाबद्दल."

बाबूंशी का नाही, ते काकूंनी सांगितलं नाही. ते बाबूंनीच सांगितलं, मला खोलीवर सोडायला येताना, रस्त्यात, माझ्याकडे न पाहता.

कलम अकरा असं होतं: "जी परी मुलखाची वेस ओलांडून मनुष्यवस्तीत राहावयास जाईल, तिचे पंख वेशीवर जमा होतील व ते पुन्हा मिळणार नाहीत." स्वाती आठ-नऊ वर्षांची असताना लिहिलं होतं. पऱ्या वाटेल तशा जायच्या-यायच्या, गोष्टीत धाकच राहिला नव्हता, म्हणून घातलं. पोरीला तेव्हा ते फार आवडलं होतं, अंगावर काटा यायचा तिच्या. मग ती मोठी झाली, लग्न झालं, आणि तिसऱ्या महिन्यात तिचा सासरहून फोन आला. रडत होती.

"मी हासलो, बाई," बाबू म्हणाले. "म्हटलं, बेटा, कलम अकरा. वेस ओलांडली, पंख जमा. आता जमवून घे. मले वाटलं गंमत करून राह्यलो मी. नवीन नवीन कोण नाई रडत, असं वाटलं. त्याच्यावर तिनं पुन्हा पाच-एक वेळा फोन केला. मी दर वेळी तेच. मंग तिनं फोनच बंद केला."

मला त्यांचा असा राग आला की काय सांगू. ऑफिसात दुनियेला वाचून दाखवणारा माणूस, आणि घरच्या पोरीचं ऐकून घेता आलं नाही? मी फटकन म्हणाले, "मग ते कलम खोडून टाका ना. तुमचंच आहे. काय अवघड आहे त्यात?"

"खोडलं त ती म्हणन, बाबाले पाहिजे तवा कायदा, पाहिजे तवा खोडरबर. तिले एकूणएक कलम पाठ हाय. फसवलेलं तिले लगेच समजते."

गोष्टीत रुंजी नावाची एक परी होती, स्वातीची लाडकी, लहानपणापासूनची. स्वाती परत आल्यापासून बाबू रोज संध्याकाळी त्या लोटलेल्या दाराशी खुर्ची टाकून रुंजीची गोष्ट पुढे वाचत होते. रुंजी मनुष्यवस्तीतून थकून परत निघाली, चालत चालत वेशीपर्यंत आली. तिथून पुढे गोष्ट सरकेना. कलम अकरा आडवं, बिनपंखांच्या परीची आत नोंदच होत नव्हती. तीन महिने रुंजी वेशीवर उभी होती. बाबूंना तिला आत आणायचं होतं, अगदी कायद्यानं, स्वातीला एकही खोट काढता येणार नाही अशा रीतीनं. नाहीतर आपण या घरात नियम मोडून राहतो आहोत, असंच त्या पोरीला जन्मभर वाटत राहील, असं त्यांचं म्हणणं. तो माणूस वेडा होता की शहाणा, मला आजही सांगता येत नाही. पण त्याला पोरगी परत पाहिजे होती, आणि त्याच्याकडे दुसरी भाषा नव्हती.

ऑफिसात सगळ्यांनी डोकं चालवलं. शेवंताबाई म्हणाल्या, परीला नवे पंख शिवून द्या. बाबू म्हणाले, शिवलेले पंख नोंदीत येत नाहीत, कलम सहा. मी म्हणाले, परीमुलखाच्या राजाकडून माफी मिळवा. बाबू म्हणाले, "माफी गुन्ह्याले असते. तिनं गुन्हा कोणता केला?" पुंडलिकचा उपाय सोपा होता. "अंधारात चोरून आत घ्या ना बाबू. कोण पाहते?"

"चोरून आणली त तिले जन्मभर लपून राहा लागन," बाबू म्हणाले. "लपून राहणारी परी नाई पाहिजे मले." आणि डबा अर्धा टाकून उठले.

मग ती फेरफाराची भानगड झाली. जमिनीवरचं एक नाव काढायचं किंवा नवं चढवायचं तर आधी संबंधितांना नोटीस द्यावी लागते, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहावी लागते, आणि मगच नोंद मंजूर होते. एक नवीन तलाठी कागद घेऊन आला. बापाच्या जमिनीवरून बहिणीचं नाव कमी करायचं होतं. बाबूंनी बोट ठेवून वाचलं आणि मान वर केली.

"नोटीस कुठाय?"

"घरचंच प्रकरण हाय बाबू. भाऊ म्हणे, बहिणीची हरकत नाई."

"भाऊ म्हणे. बहिणीले विचारलं का तू?" बाबूंचा आवाज चढला. उघडं पेन हातात तसंच, टोपणाची शुद्ध नाही. सगळं ऑफिस वळून पाहायला लागलं. "जिचं जाऊन राह्यलं तिले न विचारता नोंद घेतो? अशी नोंद नोंदच नसते लेका. मंजूर झाली तरी नसते. ती पहिल्या दिवसापासूनच..."

आणि थांबले. तलाठी बिचारा पुढच्या शिवीची वाट पाहत उभा. बाबू हळूच खुर्चीत बसले, शेवंताबाईंकडून पाणी मागून घेतलं, पेला रिकामा केला आणि तलाठ्याला अगदी मऊ आवाजात म्हणाले, "जा बाप्पा. बहिणीच्या हातात नोटीस देऊन ये. तुहे उपकार झाले." तलाठी घाबरून पळालाच. बाबू माझ्या टेबलाशी आले. "बाई, एक नोटीस टाइप करा. घरची हाय. सुटीत करा, सरकारी वेळात नोको."

नोटीस अशी होती: "मौजा चांदणखेडा. कलम अकरा लागू करण्यापूर्वी ज्यांचे पंख जाणार होते त्यांना नोटीस दिलेली नव्हती, असे निदर्शनास आले आहे. सबब सदर कलमाबाबत ज्यांची हरकत असेल त्यांनी ती आजपासून पंधरा दिवसांत लेखी सादर करावी. लेखी जमत नसल्यास तोंडी ऐकून घेतली जाईल." शेवटचं वाक्य सरकारी नमुन्यात नसतं. ते त्यांनी घालायला लावलं.

ती त्यांनी स्वातीच्या दारावर डिंकानं चिकटवली, चावडीवर लावतात तशी. त्या संध्याकाळी खुर्ची टाकली नाही, गोष्ट वाचली नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या ऑफिसात तारखा मोजणं सुरू झालं. बाबू सकाळी आले की शेवंताबाई नुसत्या भुवया उंचावायच्या. बाबू मान हलवायचे. पाचव्या दिवशी ते घाईघाईनं आले. नोटिशीखाली पेन्सिलनं लिहिलेलं सापडलं होतं, "सुनावणी कोणापुढे?"

"मग तुम्ही काय लिहिलं?" मी विचारलं.

"लिहिलं, कारकुनापुढे नाई. ज्याची चूक त्यानंच न्याय करायचा नसते. आईपुढे."

सातव्या दिवशी खाली आणखी एक ओळ, "आईले कायदा येत नाई." बाबूंनी त्याखाली लिहिलं, "ऐकून घेता येते." त्यानंतर आठवडाभर काहीच नाही. बाबू वाळत चालले होते. मी तेराव्या दिवशी त्यांना म्हणाले की असं मनाला लावून घेऊ नका, तर माझ्यावरच ओरडले, "मुदत संपाच्या आधी निकाल नोका लावू तुमी." चौदाव्या दिवशी सकाळी स्वातीच्या दाराबाहेर चार पानं ठेवलेली होती, टाचणी लावून.

शनिवारी सुनावणी झाली. मला नोंद घ्यायला बोलावलं होतं. काकू दिवाणावर बसल्या होत्या, हाताचं पीठ पदराला पुसत. बाबू ऑफिसचा शर्ट घालून समोर उभे. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "हरकतदार हजर आहे?" त्यांनी विचारलं. आतून "हजर" असं आलं आणि दार उघडलं. स्वातीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं. बारीक, घट्ट वेणी, बापासारखीच लांब. तिनं कागद धरला आणि वाचायला लागली.

"हरकत एक. कलम अकरा करताना एकाही परीला विचारलं नाही.

"हरकत दोन. रुंजी आपल्या मनानं वेस ओलांडून गेली नाही. तिला वाजतगाजत नेऊन घातलं. जमा झाले ते तिचेच पंख. नेऊन घालणाऱ्यांचं काहीच जमा झालं नाही.

"हरकत तीन. रुंजीनं तिकडून सहा वेळा हाक मारली. मुलखाच्या कारकुनानं सहाही वेळा कलमाचा आकडा सांगितला. काय झालं, ते विचारलं नाही."

चौथं पान तिनं वाचलं नाही. ते तिनं आईच्या हातात दिलं. काकूंनी ते एकटीनं वाचलं, सावकाश, दोनदा, आणि घडी घालून कमरेला खोचलं. त्यात काय होतं ते मला माहीत नाही आणि ते टाइप करायला कोणी सांगितलंही नाही.

"तुमाले काई म्हणाचं हाय?" काकूंनी नवऱ्याला विचारलं.

"नाई. तिन्ही हरकती मान्य." बाबूंनी खिशातलं पेन काढून टोपण दाबून पाहिलं. मग स्वातीकडे पाहून म्हणाले, "चुकलो बेटा. तू रडून राह्यली होती आन मी हासलो. मी विचाराले पाहिजे होतं." मग माझ्याकडे वळून, "हे टाइप नोका करू, बाई."

"टाइप कर," स्वाती म्हणाली.

मी टाइप केलं. मला स्क्रीन धड दिसत नव्हती. ती ओळ तीनदा खोडून लिहावी लागली.

काकूंनी निकाल दिला. "मले तुमची भाषा येत नाई. माही पोरगी माह्या घरी हाय. तिचे पंख तिचेच होते, कोणी घेतलेच नव्हते. हे तुमच्या भाषेत लिहा." बाबूंनी लिहून घ्यायला सांगितलं: "सबब कलम अकरा मुळापासून रद्द. पंख कधीही जमा झाले नव्हते, असे समजावे." स्वातीनं कागद हातात घेऊन पुन्हा पूर्ण वाचला आणि म्हणाली, "तारीख राह्यली." तारीख टाकली. मग काकू म्हणाल्या, आता भाजी गार होऊन राह्यली, आणि आम्ही चौघं जेवायला बसलो. स्वातीनं बापाच्या ताटात न विचारता दुसरी भाकर वाढली.

रुंजी वेशीतून आत आली ती गोष्ट बाबूंनी लिहिली नाही, स्वातीनं लिहिली. रजिस्टरं तिनं आपल्या खोलीत नेली. पुढच्या शनिवारी मी टाइप करायला गेले तर दोघांचं जोरात भांडण चालू होतं, बुटक्यांच्या सावलीवरून. तिचं म्हणणं, तीन खरी वाक्यं ही अट फार कडक आहे, एकावर सोडा, बिचाऱ्यांना उन्हात फिरता येत नाही. बाबू ऐकायला तयार नव्हते. काकू मला म्हणाल्या, "बस बाई, याले वेळ लागन," आणि चहा ठेवला. मी त्या घरात इतक्या आनंदानं कधी बसले नव्हते.

दिवाळी झाली आणि स्वातीला वर्ध्याला एका औषधाच्या दुकानात नोकरी लागली. दोन मुलींसोबत खोलीही मिळाली. सासरचं काय करायचं ते तिनं आणि काकूंनी मिळून ठरवलं, वकील गाठला, कागद केले. बाबूंनी फक्त ते कागद वाचून दिले. निघायच्या दिवशी बाबूंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मीही टाकली. आंजीवरून जाणारी वर्ध्याची गाडी होती. बाबूंनी बॅग वर ठेवली, खाली उतरले, पुन्हा चढले, पाण्याची बाटली दिली, पुन्हा उतरले. कंडक्टर वैतागला. "काका, एक काय ते ठरवा."

गाडी सुरू झाली तसे ते खिडकीशी गेले. बाबू सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलणारे नाहीत, ओरडले तर फक्त कागदावरून. त्या दिवशी इतक्या मोठ्यानं बोलले की अर्धी गाडी ऐकत होती. "कटाळा आला त येजो. नाई आला तरी येजो. कारण सांगाची गरज नाई."

"तुमी बी येजा, बाबा," स्वाती म्हणाली.

तिच्या शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर टोपलं घेऊन. तिनं मध्येच विचारलं, "सासरी चालली का व पोरी?"

"नाई आजी. कामावर."

"मंग माहेर कोणतं व तुहं?"

स्वातीनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि बापाकडे बोट केलं. "ते काय, उभं हाय."

गाडी हलली. बाबू वळणापर्यंत हात वर करून उभे होते.